सुखी सुनांची पत्रं

एका मुलीसाठी आलेलं स्थळ मी परत पाठवलं आणि तिला ते कधी कळू दिलं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मित्रांना नाही. मूतखड्याच्या ऑपरेशननंतर भूल उतरताना काही बरळलो असेन तर तेवढंच, पण तिथली नर्स केरळची होती. स्थळ चांगलं होतं, मुलगी चांगली होती. मध्ये मी बसलो होतो, कारण मध्ये बसायचाच माझा धंदा होता.

धंदा म्हणजे वधूवर सूचक केंद्र. नव्वदीच्या दशकात शिरोली एमआयडीसीतल्या ज्या फाउंड्रीत मी हजेरी लिहायला होतो, तिला एके दिवशी पगार द्यायचा कंटाळा आला. मग तिशीतल्या बेकार माणसाला जे जे सुचतं ते सगळं मला सुचून झालं. झेरॉक्स सुचलं, पोल्ट्री सुचली. शेवटी सासरे म्हणाले, "माणसं वळखतासा, बोलायला मऊ हायसा, लग्नं जमवा की." त्यांच्या मुलीचं माझ्याशी लावून दिल्यावरही लग्न या गोष्टीवर त्यांचा एवढा विश्वास कसा उरला होता, ते मी विचारलं नाही.

लक्ष्मीपुरीत पहिल्या मजल्यावर खोली घेतली. खाली पंप दुरुस्तीचं दुकान होतं. वर मी म्हणायचो, "मुलगी अतिशय शांत आहे," आणि नेमकी तेव्हाच खाली कुणीतरी विहिरीवरची मोटर चालू करून बघायचं.

लग्नं जमायची, पण केंद्राचं नाव काही होत नव्हतं. आमच्याकडं लग्न केंद्रातून जमलं हे कुणी कबूल करत नाही. स्थळ मामानं आणायचं असतं, नाहीतर आत्याच्या नणंदेनं सुचवायचं असतं. पैसे मोजून, फॉर्म भरून सून आणली म्हटलं तर भावकीत मान खाली जाते. मी जमवलेल्या लग्नात मी जेवायला गेलो की मुलीचा बाप मला मांडवाच्या कडेला घ्यायचा. "पावणं, जेवा निवांत. पर कुणी इचारलं तर तुमी आमच्या साडूच्या वळखीचं." एका लग्नात मी मुलीकडच्यांसाठी साडूच्या ओळखीचा आणि मुलाकडच्यांसाठी विमा एजंट होतो. टोपी-टॉवेल दोन्हीकडून मिळाला.

त्यामुळे टेबलावर ठेवायला माझ्याकडं एकही समाधानी गिऱ्हाईक नव्हतं. आणि जिना चढून आलेला माणूस बसायच्या आधी विचारायचा, "आजपतूर कुणाचं जमवलंय? दावा बघू." स्टँडकडच्या एका केंद्रात आभाराच्या पत्रांचा जाडजूड अल्बम होता म्हणे. तो बघून आलेली माणसं माझ्या मोकळ्या टेबलाकडं दवाखान्यात औषध संपल्यासारखी बघायची.

तेव्हा ठरवलं, सुखी माणसं लिहीत नसतील तर आपण लिहून घेऊ. लग्नं खरी होती, पत्रं तेवढी खोटी. असं मी स्वतःला सांगायचो. आत्ता लिहितानाही तेच वाक्य पहिल्यांदा हाताला आलं, बघा.

आधी एक निवृत्त गुरुजी धरले. मराठी शिकवून शिकवून त्यांची मराठी इतकी शुद्ध झाली होती की घरी त्यांनी चहा मागितलेला कुणाला कळायचा नाही. त्यांची सून लिहायची, "आम्हां उभयतांच्या जीवनलतिकेस आपण जे स्नेहजल घातले..." एका ऊसवाल्या बापानं ते पत्र वाचलं, उलटं करून मागं बघितलं आणि मला विचारलं, "हे लग्नाचं हाय का दहाव्याचं?"

मग जत्रेतल्या नाटकांचे एक लेखक मिळाले. हे गृहस्थ पत्र लिहायचे, पण त्यात सासू पहिल्या परिच्छेदात कंदील घेऊन यायची आणि शेवटच्या परिच्छेदात पदर डोळ्याला लावायची. मधल्या भागात एकदा सून विहिरीच्या काठापर्यंत जाऊन आली. मी म्हटलं, "अहो, हे वाचून नाव कोण नोंदवेल?"

"संघर्ष पायजे की मालक," ते म्हणाले. "नुस्तं सुख कोण वाचतंय?"

"पण विहीर काढा."

"विहीर काढली तर सासू बदलती कशानं?"

विहिरीच्या जागी आम्ही ताप घातला.

हे सगळं मी एका पत्रकात छापायला दिलं, आणि त्या छापखान्यात ती होती, मुद्रितं तपासायला. तिशीला टेकलेली, बारीक अंगाची, चष्म्यातून बघताना मान किंचित तिरकी करणारी. वडिलांचं भुसाराचं दुकान होतं, लिंगायत व्यापारी घर. मराठीत एम. ए. केलेलं आणि घरात बोलणं निम्मं कानडी. पत्रकाचा कागद माझ्यापुढं ठेवून ती म्हणाली, "दादा, ह्या सुनांपैकी एकीनंपण सासरी काही खाल्लेलं दिसत नाही."

"म्हणजे?"

"लतिका आहे, ताप आहे. पण भाकरी कुठंय, चूल कुठंय, नवरा कामावरून कधी येतो? हिचं लग्न झालंय असं वाटत नाही."

"मग तुम्ही लिहून दाखवा," मी म्हटलं. टोमणा म्हणून म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं खरंच आणून दिलं.

ती लिहायची ते काही साहित्य नव्हे. सासरच्या नळाला पाणी किती वाजता येतं ते लिहायची. नवरा घोरतो आणि आपण त्याला उशी मारतो, हे लिहायची. धाकटा दीर वहिनीच्या नावानं मित्रांना चहा पाजतो, त्याची तक्रार असायची. आणि सगळ्याच्या शेवटी, जणू आठवलं म्हणून, एक ओळ असायची की हे घर तुम्ही दाखवलंत, आठवण काढते. प्रत्येक सुनेचं अक्षर वेगळं. सासवांची पत्रं ती डाव्या हातानं लिहायची. "सासू लिहिते म्हणजे हात थरथरायला हवा," म्हणायची आणि स्वतःच हसायची. गुरुजींना आणि नाटकवाल्यांना मी हळूच रजा दिली. गुरुजींना वाटलं माझा धंदा बसला. त्यांनी सांत्वनाचं पत्र पाठवलं, तेही लतिकेसकट.

आता आमचा अल्बम जाड झाला, माणसं वाचत बसायला लागली, आणि तिथंच घोटाळा झाला. हा घोटाळा दुसऱ्या कुठल्या गावी झाला नसता. आमच्याकडचा माणूस वाचतो, मान हलवतो, आणि मग चौकशीला जातो. मुलगी द्यायची म्हणजे तो सहा गावं पालथी घालतो, तिथं एका पत्राचं काय. पत्रात तिनं गावांची नावं घातली होती, कारण नावाशिवाय खरं वाटत नाही. एका पत्रात सून लिहीत होती, "हे कळंब्याला असतात." पत्र वाचणाऱ्या म्हाताऱ्यानं चष्मा वर केला. "आत का भाईर?" कळंब्याला जेल आहे, हे ती विसरली होती आणि मीही.

मी म्हटलं, आता गगनबावड्याची सून करा. पावसाळ्यात तिकडं कोण कडमडतंय? एक पाटील गेले. रेनकोट घालून, एस.टी.नं, माझ्यावरच्या प्रेमानं नव्हे, मुलीवरच्या. तिसऱ्या दिवशी चिखलानं भरलेले बूट तसेच घेऊन जिना चढून आले आणि खुर्चीवर न बसता बोलले.

"पावणं, गेलतो की तुमच्या बावड्याला."

"असं का. भेटली का मंडळी?"

"त्या आडनावाचं एकबी घर न्हाय तितं. पोस्टमनला इचारलं, तलाठ्याला इचारलं. जळवा तेवढ्या भेटल्या."

मी म्हटलं, त्यांची बदली झाली.

"शेतकऱ्याची?" पाटील म्हणाले.

त्यानंतर सुखी सुना मी हळूहळू जिल्ह्याबाहेर काढल्या. कोल्हापुरात सुखी सून ठेवणं धोक्याचं होतं. कुणी सुरतेला गेली, कुणी इंदूरला, दोघी तर दुबईला. सगळ्यांना नोकऱ्या लागल्या. आमच्या केंद्रातून लग्न केलं की परदेशी जायला मिळतं, अशी एक समजूतही मध्यंतरी पसरली होती. ती मी दुरुस्त केली नाही.

एका दुपारी पत्रं देऊन झाल्यावर ती उठली नाही. पर्सचा बंद उघडझाप करत म्हणाली, "दादा, जमलं तर माझंही बघा की." पत्रिका तिनं आणलीच होती, फोटोही. फोटोत चष्मा काढला होता, त्यामुळे ती लांबचं काहीतरी शोधत असल्यासारखी दिसत होती. "वडील थकलेत. भाऊ बघत नाही. मला फार अपेक्षा नाहीत, पण बोलणारं घर पाहिजे. मुक्यानं जेवणाऱ्यात मला जमायचं नाही."

मी म्हटलं, "त्यात काय, आपलं घरचंच काम." आणि ते मी मनापासून म्हटलं होतं. एक-दोन ठिकाणी दाखवलंही. एकांना वय खटकलं, एकांना चष्मा. ती दर वेळी "बरं" म्हणायची आणि पुढच्या सुनेचं पत्र माझ्यापुढं ठेवायची.

मग गडहिंग्लजकडच्या बाई आल्या. कापडाचं मोठं दुकान, पोटजात तिचीच, मुलगा तेहतिसाच्या पुढचा, अबोल नव्हे पण गर्दीत न बोलणारा. बाई धिप्पाड, कपाळाला भस्म, हातात पितळी मुठीची छत्री. त्या जिना चढून आल्या तेव्हा खालचा पंपवालासुद्धा मोटर बंद करून बाजूला झाला. त्यांनी अल्बम मांडीवर घेतला आणि सगळा वाचला. एका पत्रापाशी थांबल्या.

त्या पत्रातल्या सुनेची पहिल्याच दिवशी आमटी खारट झाली होती. सासऱ्यांनी ताट सरकवलं. सासूबाईंनी आपल्या वाटीत तांब्यातलं पाणी ओतलं, ढवळलं, खाल्लं, आणि म्हणाल्या, "मीठ कुणी बाहेरनं आणलंय काय, घरातलंच हाय." पुढं सुनेनं लिहिलं होतं की त्या रात्री मी पहिल्यांदा माहेरची आठवण न काढता झोपले.

"दोनदा वाचलो मी हे," बाई म्हणाल्या. तिकडं बायकाही 'आलो-गेलो'च म्हणतात. "ही पोरगी कुठं असती?"

"सुरतेला."

"लांब गेली. ऱ्हाऊ दे. हिला तंगी हाय काय? तंगी, धाकटी बहीण?"

आमच्याकडं हे असंच चालतं. एक सून चांगली निघाली की माणसं तिची बहीण मागतात, बहीण नसेल तर चुलत बहीण, कारण माणूस एकटा चांगला असतो यावर कुणाचा विश्वास नाही, वळण घराचं असतं. मी म्हटलं, बहीण नाही.

"चुलत? मावस?"

"नाही हो."

"एवढ्या मोठ्या घरात एकच पोरगी?" बाईंनी माझ्याकडं बघितलं. "मग असली दुसरी दावा. रूप नको. पैसा हाय. आमच्यात समदी बोलतात, माझा पोरगा तेवढा ऐकत बसतो. त्याच्यासंगं बोलणारी पायजे."

माझ्या पाठीमागं कपाट होतं. त्यात, वरच्या कप्प्यात, पत्रं लिहिणारीचा फोटो होता. मी कपाट उघडलं आणि खालच्या कप्प्यातले तीन फोटो काढले. बाईंनी ते बघितले, परत केले, चहा घेतला आणि म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात येतो.

आल्या त्या आठवड्यात. आणि नेमकी ती तिथं बसलेली होती, नवीन पत्रं घेऊन. मी काही बोलायच्या आत बाईंनी तिला विचारलं, "यार मगळू नीनू?" म्हणजे कुणाची मुलगी तू. तिनं सांगितलं. मग दोघी कानडीतून सुरू झाल्या. मला तिखट, भाव आणि मावशी एवढेच शब्द कळत होते, पण हसू कळत होतं. बाईंनी काहीतरी विचारलं, तिनं मान तिरकी करून काहीतरी सांगितलं, आणि बाई एवढ्या हसल्या की छत्री खाली पडली. ती उचलायला दोघी एकदम वाकल्या. एवढ्या वर्षांत माझ्या त्या खोलीत कुठल्याही सासूचं आणि कुठल्याही मुलीचं असं जमलेलं मी बघितलं नव्हतं. पोहे नव्हते, पत्रिका नव्हती, आणि मी तर नव्हतोच.

मी तिला म्हटलं, "छापखान्यात जाऊन जरा ते पत्रक घेऊन येता का? घाई आहे." पत्रक छापायलाच दिलेलं नव्हतं. ती उठली, बाईंना वाकून नमस्कार केला आणि जिना उतरली.

बाई दाराकडं बघत होत्या. "कोण ही?"

"छापखान्यातली आहे. मुद्रितं तपासते."

"लग्न झालेलं दिसत न्हाय."

"तिचं ठरलंय," मी म्हटलं.

एवढंच. दोन शब्द, म्हणायला क्षणभरही लागला नसेल. बाई म्हणाल्या, "व्हय? बरं झालं बाई. नशीबवान घर." आणि छत्री काखेत घेत म्हणाल्या, "आमीच उशिरा आलो म्हणायचं."

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत होतो की मी घाबरलो. बाई चौकशी करणाऱ्या. लग्न झालं असतं तर एखाद्या संध्याकाळी भाजी निवडताना सून सांगून बसली असती की ती आमटी मीच लिहिली, सुरतेला कुणी नाही, दुबईलाही नाही. गडहिंग्लजला कळलं की कोल्हापूरला कळायला एक एस.टी. पुरते. केंद्र बुडालं असतं. हे सगळं खरं आहे, आणि हे कारण नव्हे. बाईंना आमटी कळली असती तर त्या खळखळून हसल्या असत्या, हे मी त्या छत्रीच्या वेळीच बघितलं होतं. शिवाय तिला सांगितलं असतं की गप्प राहा, तर ती राहिली असती.

कारण एवढंच होतं की ती गेली असती तर पत्रं कुणी लिहिली असती? मला परत गुरुजींकडं जावं लागलं असतं. अल्बम बघून माणसं बसायला लागली होती, मुलाला इंग्रजी शाळेत घातलं होतं, स्कूटर घेतली होती. कपाट उघडताना माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली, आणि लिहून झाल्यावर बघतो तर चार ओळी आहेत.

ती छापखान्यातून परत आली. "दादा, ते म्हणतात तुम्ही काही दिलंच नाही."

"माझा गोंधळ झाला," मी म्हटलं.

"त्या बाई गेल्या का? छान होत्या." खुर्चीत बसत म्हणाली, "कुणासाठी बघत होत्या?"

"मुलासाठी. जमलं त्यांचं दुसरीकडं."

"बरं," ती म्हणाली.

त्या मोसमातच बाईंच्या मुलाचं झालं, निपाणीकडची मुलगी. पत्रिका मला आली नाही. ती पुढं काही वर्षं लिहीत राहिली. "काही आलंय का, दादा?" असं आधी दर महिन्याला विचारायची, मग दिवाळीच्या आसपास, मग विचारेनाशी झाली. तिच्या पत्रांतल्या सुना मात्र तशाच राहिल्या, उशा मारणाऱ्या, नळावर भांडणाऱ्या. एका पत्रातल्या सुनेला जुळी झाली, तेव्हा तिनं मला पेढे आणून दिले. गंमत म्हणून. मी खाल्ले.

पुढं दोन हजारनंतर हळूहळू नेट आलं. पोरं कॅफेत बसून स्वतःच फोटो बघायला लागली, आणि आता ज्याला त्याला तारे देता येतात. कुठल्याही हॉटेलबद्दल, कुठल्याही मिक्सरबद्दल लिहिलेलं वाचतो तेव्हा मी अक्षर शोधतो, पण अक्षर नसतंच. केंद्र मी बंद केलं. अल्बम जाळला, खरं म्हणजे जाळायला दिला, माझ्या हातून झालं नाही. सध्या मी स्टेशनरी विकतो.

ती एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते. रंकाळ्याच्या बाजूला स्वतःचा फ्लॅट घेतलाय. एकटी राहते आणि तिचं वाईट चाललंय असं म्हणायचा मला काही हक्क नाही. कदाचित तिकडं गेली असती तर दुकानातल्या कापडाच्या ताग्यांमध्ये गुदमरली असती. कदाचित त्या दोघी रोज संध्याकाळी हसत बसल्या असत्या आणि तो ऐकत बसला असता. मला माहीत नाही. तिलाही माहीत नाही, आणि तिला माहीत नाही ते माझ्यामुळे.

गेल्या महिन्यात ती दुकानात वह्या घ्यायला आली होती. विद्यार्थ्यांच्या वह्या, गठ्ठाभर. जाताना, कशावरून कुणास ठाऊक, म्हणाली, "तुम्ही त्या वेळी खूप बघितलंत माझ्यासाठी, दादा. घरच्यांनी एवढं बघितलं नाही." मी वह्यांना दोरी बांधत होतो. गाठ नीट बसत नव्हती, ती तिनंच मारली.

हे छापून आलं तर ती वाचेल. वाचण्याचंच तिचं काम आहे, आणि नावं नसली तरी पहिल्या परिच्छेदातच ओळखेल. पण तिच्या घरी जाऊन, समोर बसून सांगायचं ते असं कागदाआडून सांगून फिटत नाही. एक स्थळ आलं होतं, त्या बाईंना तू आवडली होतीस, आणि तुझं ठरलंय असं मी खोटं सांगितलं. हे तिच्या तोंडावर सांगायचं मी तिचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.